त्यांनी नाकारलं की त्यांना नाकारलं? एका सिस्टरच्या इंग्रजी पत्राचं प्रकरण

मिरजेतल्या एका खासगी रुग्णालयात सात वर्षं काम केलेल्या एका स्टाफ नर्सनं जूनमध्ये मला एक सराव-पत्र तपासायला दिलं. त्यात एक वाक्य होतं: 'द पेशंट वॉज डिनाइड हिज ईव्हनिंग इन्सुलिन ऑन टू ऑकेजन्स.' तिला सांगायचं होतं की पेशंटनं दोनदा संध्याकाळचं इन्सुलिन घ्यायला नकार दिला. वाक्यानं सांगितलं ते भलतंच: पेशंटला दोनदा इन्सुलिन मिळू दिलं नाही, आणि मिळू न देणारा म्हणजे तिचाच वॉर्ड.

व्याकरण बिनचूक होतं. स्पेलिंग बरोबर, काळ बरोबर, कर्मणी प्रयोग नीट. कॉम्प्युटरनं खाली लाल रेघ ओढली नसती आणि घाईतल्या शिक्षकानं टिकमार्क देऊन पान उलटलं असतं. म्हणूनच हे प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटलं. ज्या चुकीमुळे वाक्य मोडतं ती लगेच दिसते. जवळच्या अर्थाचा चुकीचा शब्द वाक्याला धक्का लावत नाही, नुसता अर्थ बदलून टाकतो, आणि लिहिणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

मी मिरजेत परिचारिकांना इंग्रजी शिकवते. डॉ. वॉनलेस यांनी १८९४ मध्ये इथं मिशन हॉस्पिटल सुरू केलं, तेव्हापासून हे दवाखान्यांचं गाव. पेशंट चारी दिशांनी, अगदी कर्नाटकातूनही येतात, आणि इथल्या सिस्टर आता परदेशाच्या परीक्षा द्यायला लागल्या आहेत. ही सिस्टर मूळची जत तालुक्यातली. शिक्षण जिल्हा परिषदेच्या शाळेत, मराठी माध्यमात, पुढे जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा. तिच्या परवानगीनंच लिहितेय. ओळख पटू नये म्हणून एकदोन तपशील बदलले आहेत.

तिची तयारी चालली होती ती ऑक्युपेशनल इंग्लिश टेस्टची, म्हणजे ओईटीची. ब्रिटनमध्ये नर्सची नोंदणी करणाऱ्या नर्सिंग अँड मिडवायफरी कौन्सिलला या परीक्षेत वाचन, श्रवण आणि संभाषण या तिन्हींत बी ग्रेड लागते, म्हणजे ३५० गुण. लेखनात सी प्लस, म्हणजे ३०० गुण चालतात. लेखनाला एकूण ४५ मिनिटं, त्यातली पहिली ५ फक्त वाचायची. पेशंटच्या नोंदी दिलेल्या असतात, त्यांवरून १८० ते २०० शब्दांचं पत्र लिहायचं: बदलीचं, रेफरलचं किंवा डिस्चार्जचं. दुसऱ्या ठिकाणच्या नर्सला किंवा डॉक्टरला ते पत्र वाचून पेशंट ताब्यात घेता आला पाहिजे, ही त्यामागची साधी अपेक्षा.

आता ते इन्सुलिनचं वाक्य एखाद्या ब्रिटिश कम्युनिटी नर्सच्या हातात पडलं असं समजा. तिला पहिला प्रश्न पडेल, इन्सुलिन का दिलं नाही? औषध नव्हतं? विसरलं? मधुमेहाच्या पेशंटचं इन्सुलिन दोनदा चुकणं ही तिकडे घटना म्हणून नोंदवण्याची गोष्ट आहे. खरा निरोप मात्र वेगळा होता. जेवण जात नसल्यामुळे म्हातारा घाबरला होता, शुगर खाली जाईल म्हणून सुई नको म्हणत होता. त्याच्याशी बसून बोलायची गरज होती. तो निरोप एका क्रियापदात बुडाला.

चूक आली कुठून

मी तिला विचारलं, "सिस्टर, नोंदींमध्ये काय लिहिलं होतं?" तिनं कागद काढला. नोंद होती: 'रिफ्यूजिंग ईव्हनिंग इन्सुलिन, फिअर्स हायपो.' हायपो म्हणजे रक्तातली शुगर फार खाली जाणं. म्हणजे बरोबर शब्द समोरच होता! तो खोडून तिनं दुसरा घातला होता.

का, असं विचारल्यावर तिनं जे सांगितलं ते ऐकून मला आमच्या शिकवण्याचीच काळजी वाटली. "मॅडम, नोट्समधले शब्द जसेच्या तसे उचलायचे नाहीत, आपले शब्द वापरायचे, असं सांगतात ना. म्हणून रिफ्यूजचा समानार्थी घेतला. आणि फॉर्मल पत्रात पॅसिव्ह चांगलं दिसतं, म्हणून वॉज घातलं."

दोन्ही सल्ले क्लासात, व्हिडिओत, मार्गदर्शक पुस्तकांत सर्रास दिले जातात, आणि सुटे सुटे घेतले तर चुकीचेही नाहीत. पण 'रिफ्यूज'च्या जागी 'डिनाय' आला, वर कर्मणी प्रयोग बसला, आणि नकार देणारा माणूस वंचित राहिलेला माणूस झाला. निबंधात एकच शब्द दोनदा येऊ नये, हे आपण मराठी शाळेपासून शिकतो. वैद्यकीय पत्रात हा नियम उपयोगाचा नाही. तिथं 'रिफ्यूज' तीनदा आला तर तीनदा येऊ द्यावा. वाचणाऱ्याला शब्द बदललेला दिसला की गोष्टही बदलली असं वाटतं.

तिनं शाळेतली जुनी वही आणून दाखवली. नववीतली. 'समानार्थी शब्द' या मथळ्याखाली निळ्या शाईत, सुबक अक्षरात: रिफ्यूज = डिनाय = रिजेक्ट = डिक्लाइन = नाकारणे. मधली बरोबरची चिन्हं पट्टीनं आखल्यासारखी सरळ. इतकी वर्षं ती ओळ तिच्या डोक्यात तशीच्या तशी होती. तिला गणितासारखं वाटत होतं की बरोबरच्या चिन्हाच्या या बाजूचं त्या बाजूला ठेवलं तर काही बिघडत नाही.

माझा पहिला उपाय फसला

मी केलं ते बहुतेक शिक्षक करतात. फळ्यावर चार रकाने आखले. रिफ्यूज म्हणजे काही करायला किंवा घ्यायला नकार देणं. रिजेक्ट म्हणजे पारखून बाजूला टाकणं. डिक्लाइन म्हणजे सौम्यपणे नको म्हणणं. डिनाय म्हणजे खरं नाही असं म्हणणं, किंवा दुसऱ्याला काही मिळू न देणं. तिनं उतरवून घेतलं, मान डोलावली. पुढच्या आठवड्यात मोकळ्या जागा भरायला दिल्या, तर गोंधळ कमी व्हायच्या ऐवजी वाढलेला. आधी दोन शब्दांची अदलाबदल होत होती, आता चौघांची होऊ लागली. 'रिजेक्टेड टू ईट' असं तिनं त्याआधी कधी लिहिलं नव्हतं, ते त्या दिवशी लिहिलं.

याचं कारण संशोधनात सापडतं. थॉमस टिंकहॅम यांनी १९९३ मध्ये आणि रॉब वॉरिंग यांनी जपानी विद्यार्थ्यांवर १९९७ मध्ये केलेल्या प्रयोगांत दिसलं की अर्थानं जवळचे नवे शब्द एकत्र शिकायला दिले तर ते असंबद्ध शब्दांपेक्षा सावकाश पाठ होतात. ते एकमेकांच्या वाटेत येतात. गावात नव्यानं आलेल्या माणसाची चार सख्ख्या भावांशी एकाच दिवशी ओळख करून द्यावी तसं होतं: चेहरे लक्षात राहतात, पण कुठला मोठा आणि कुठला धाकटा ते नाही. माझ्या चार रकान्यांनी नववीच्या वहीचंच काम पुढे नेलं होतं, फक्त बरोबरच्या चिन्हाच्या जागी उभ्या रेघा आल्या होत्या.

वॉर्डात तिला हे येत होतंच

दुसरी सुरुवात योगायोगानं झाली. ती ड्यूटीवरून थेट क्लासला आली होती, वैतागलेली. म्हणाली, "मॅडम, आज लॅबनं दोन सॅम्पल रिजेक्ट केली, परत ब्लड काढायला लागलं. आणि बेड सातच्या नातेवाइकांनी रिफ्यूजल साइन करून पेशंट घरी नेला."

मी तिथंच थांबवलं. विचारलं, "सिस्टर, लॅबनं सॅम्पल डिनाय केलं, असं म्हटलं तर?"

ती हसली. "असं कोण म्हणतंय?"

"लॅबनं सॅम्पल रिफ्यूज केलं?"

जरा थांबली. "ते म्हणजे... घेतलंच नाही असं वाटतंय. खिडकीवरूनच परत पाठवलं. रिजेक्ट म्हणजे त्यांनी घेतलं, बघितलं, हिमोलाइज झालंय, रक्तपेशी फुटल्यात म्हणून टाकलं."

माझ्या फळ्यावरच्या व्याख्येपेक्षा हे किती नेमकं आहे बघा. 'रिजेक्ट'चं मूळ लॅटिनमधलं, मागे फेकणं या अर्थाचं. फेकायचं तर वस्तू आधी हातात यावी लागते. सॅम्पल रिजेक्ट होतं, विम्याचा क्लेम रिजेक्ट होतो, बदललेली किडनी शरीर रिजेक्ट करतं. तिन्हीकडे वस्तू आत आली, पारखली गेली आणि बाहेर टाकली गेली. किडनीच्या बाबतीत शरीर 'रिफ्यूज' करतं असं कुठलीच नर्स म्हणणार नाही. हे शब्द तिला इंग्रजी म्हणून येत नव्हते. कामाचे शब्द म्हणून, मराठी वाक्यात गुंडाळलेले, ते रोज तिच्या तोंडी होते. क्लासात शिरताना ती हे सगळं ज्ञान चपलेबरोबर दाराबाहेर काढून ठेवत होती, आणि ते आत आणायला मीही कधी सांगितलं नव्हतं.

इंग्रज भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ १९२० च्या दशकात लाहोरला पंजाब विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक होते. पुढे १९५७ मध्ये त्यांनी मांडलेला एक विचार आज फार प्रसिद्ध आहे: शब्द ओळखायचा तो त्याच्या सोबतीवरून. आमच्या सिस्टरला सोबत ठाऊक होती. सॅम्पलबरोबर रिजेक्ट, फॉर्मबरोबर रिफ्यूजल. तिथूनच पुढे जायचं ठरवलं, व्याख्येकडून नाही.

मराठीनं फरक कधीच केलाय

नंतर मी तिला घरचं वर्तमानपत्र आणायला सांगितलं. मराठीच. आठवडाभराचे अंक घेऊन 'नाही' या अर्थाची सगळी क्रियापदं अधोरेखित करायची. तिला वाटलं मॅडमचं काहीतरी चुकतंय, इंग्रजीच्या क्लासला मराठी पेपर कशाला? पण तिनं काम मनापासून केलं. जामीन अर्ज फेटाळला. आरोपांचा इन्कार केला. सभेला परवानगी नाकारली. मागणी धुडकावून लावली. बोलण्यास नकार दिला. उमेदवारी नम्रपणे नाकारली. एका अग्रलेखात मुद्दा खोडून काढला.

मग मी उलटं करून विचारलं. जामीन अर्जाचा इन्कार केला, चालेल? नाही. बोलणं फेटाळलं? नाही. मराठीत तिला एकदाही चुकवता आलं नाही. तिच्या कानानं प्रत्येक वेळी लगेच सांगितलं. म्हणजे तिचं डोकं 'नाकारणे' या एका शब्दावर चालत नव्हतं, चालत होती ती नववीची वही. मराठीत इन्कार, फेटाळणं, नकार देणं, नम्र नकार आणि खोडून काढणं ही वेगवेगळी कामं आहेत, आणि इंग्रजीच्या वाटण्या बऱ्याचशा त्यांच्याच आसपास पडतात. इन्कार म्हणजे 'असं घडलंच नाही' असं म्हणणं, तिथं डिनाय. फेटाळणं म्हणजे पुढ्यात आलेलं अमान्य करणं, तिथं रिजेक्ट. नकार देणं रिफ्यूजकडे जातं, नम्र नकार डिक्लाइनकडे. खोडून काढणं, म्हणजे पुराव्यानं चूक ठरवणं, ते रिफ्यूट.

'आसपास' हा शब्द मी जपून वापरतेय. दुसऱ्याच दिवशी तिनं मला पेचात टाकलं: "मॅडम, पेपरात आरोपांचा इन्कार पण केलाय आणि आरोप फेटाळलेत पण. मग?" प्रश्न रास्त होता. इंग्रजीतही आरोप डिनाय होतात आणि रिजेक्टही होतात. इन्कार करणारा म्हणतो, मी हे केलेलं नाही. फेटाळणारा म्हणतो, तुमचं म्हणणं मला मान्य नाही. एकाचं बोट घटनेकडे असतं, दुसऱ्याचं आरोपाकडे. परवानगीच्या बाबतीत तर रिफ्यूज आणि डिनाय दोन्ही बिनदिक्कत चालतात, आणि तिथं फरक शोधत बसू नये असं मी तिला स्पष्ट सांगितलं. व्हिसाच्या कागदांत मात्र ब्रिटिश सरकार 'रिफ्यूजल' म्हणतं, ते तेवढं ध्यानात ठेवलेलं बरं, तिला त्याच दारातून जायचंय. शब्दांच्या हद्दी शेताच्या बांधासारख्या असतात. बरीच लांबी स्पष्ट दिसते, मधेच एका जागी दोन्ही बाजूंचं गवत एक झालेलं असतं.

नी आणि ना

आता इन्सुलिनच्या वाक्याकडे परत. मी तिला कागदावर दोन मराठी वाक्यं लिहायला लावली.

त्यांनी इन्सुलिन नाकारलं.
त्यांना इन्सुलिन नाकारलं.

"काय फरक?"

बराच वेळ ती बघत राहिली. मग पेनाचं टोक आधी 'नी'वर ठेवलं, मग 'ना'वर. "पहिल्यात पेशंट नको म्हणाला. दुसऱ्यात आम्ही दिलं नाही." आणि क्षणभरानं, हलक्या आवाजात: "मी हे दुसरं लिहिलं होतं."

मराठी हा सगळा फरक एका प्रत्ययात करते. क्रियापद तेच राहतं. इंग्रजीत त्या जागी प्रत्यय नाही, म्हणून ते काम क्रियापदाची निवड आणि वाक्याची रचना यांना करावं लागतं. 'वॉज डिनाइड' लिहिलं की तो 'त्यांना' झाला. 'रिफ्यूज्ड' लिहिलं की 'त्यांनी'. हे एकदा कळल्यावर तिनं स्वतःची एक तपासणी बनवली: नकाराचं वाक्य लिहिलं की मनात मराठी करायचं आणि नी आहे की ना ते बघायचं. ही युक्ती माझी नाही, तिची आहे. आता मी ती प्रत्येक बॅचला सांगते.

रचनेचं आणखी थोडं. रिफ्यूजच्या मागे 'टू' घेऊन क्रियापद येतं: रिफ्यूज्ड टू ईट. डिनायच्या मागे ते चालत नाही, तिथं 'आयएनजी'चं रूप लागतं: डिनाइड टेकिंग द टॅब्लेट्स, म्हणजे गोळ्या घेतल्याच नाहीत असं तो म्हणाला. आपल्याकडे 'डिनाइड टू टेक' सर्रास ऐकू येतं, ऑफिसांतसुद्धा. रिजेक्टच्या मागे क्रियापद येतच नाही, फक्त नाम. डिक्लाइनला नाम चालतं, 'टू' चालतं आणि मागे काहीच नसलं तरी चालतं.

हे शेवटचं मात्र नर्ससाठी धोक्याचं आहे. 'द पेशंट डिक्लाइन्ड ओव्हरनाइट' या वाक्यात कोणी काही नाकारलेलं नाही. पेशंटची तब्येत रात्रीत ढासळली. डिक्लाइनचं मूळ बाजूला झुकणं, कलणं असं आहे. ताट पुढे आल्यावर मान हळूच वळवून नको म्हणणं हेही झुकणंच, आणि प्रकृती उतरणीला लागणं हेही. म्हणून डिक्लाइन लिहिताना काय नको म्हटलं ते पुढे लिहायचंच, असा नियम आम्ही दोघींनी केला.

'डिनाइज चेस्ट पेन'

तिला सगळ्यात जास्त छळलेली ओळ सराव-नोंदींमधली होती: 'डिनाइज चेस्ट पेन.' तिनं आधी अर्थ लावला होता, पेशंट छातीतलं दुखणं नाकारतो, म्हणजे दुखत असून कबूल करत नाही. 'इन्कार' समोर ठेवल्यावर गाठ सुटली. डॉक्टरांनी विचारलं, छातीत दुखतंय का, पेशंट म्हणाला नाही. एवढंच.

पण तिचा पहिला अर्थ अगदी टाकाऊ नव्हता. इन्कार या शब्दात संशयाचा वास आहे. इन्कार आरोपाचा होतो, आणि आरोपी इन्कार करतो. २०२२ मध्ये बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकात कॅट्रिओना कॉक्स आणि झोई फ्रिट्झ यांनी नेमकं हेच मांडलं, की 'डिनाइज' आणि 'क्लेम्स'सारखे शब्द पेशंटच्या बोलण्यावर अविश्वास दाखवतात. मी तिला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग मी 'ही हॅज नो चेस्ट पेन' लिहीन. माझा पेशंट खोटं बोलतोय असं कशाला लिहू?" मला फार बरं वाटलं. शब्दातला फरक तिला नुसता कळला नव्हता, तो तिला लागला होता.

रिफ्यूज आणि डिक्लाइनमध्येही हीच गोष्ट. रिफ्यूज चूक नाही, पण त्यात हट्टाची छटा येते. पेशंटला नको म्हणायचा हक्क आहे, हे मनात धरून लिहायचं तर डिक्लाइन बरा. म्हातारा घाबरला होता, आडमुठेपणा करत नव्हता.

दुखण्याची दुसरी बाजू

इथपर्यंत अडचण अशी होती की वहीतल्या एका मराठी शब्दातून चार इंग्रजी शब्द फुटत होते. संभाषणाच्या तयारीत अडचण उलटी निघाली. तिथं मराठीत पंधरा शब्द आणि इंग्रजीत तिच्याकडे एकच, पेन. परीक्षेत पेशंटबरोबरचे दोन संवाद असतात, प्रत्येकी साधारण पाच मिनिटांचे. तिचा प्रश्न ठरलेला: 'यू आर हॅविंग पेन?' आणि पुढे 'मच पेन?'

मी पेशंट झाले आणि मुद्दाम मराठीत बोलले. "सिस्टर, दाढ ठणकतेय." "पाठीतून चमक जातेय." "जखमेवर हात लावू नका, हुळहुळतंय." "लघवीला जळजळ होतेय." "औषध लावलं की चुरचुरतं." "पोटरीत पेटका आला." "पोटात मुरडा येतोय." प्रत्येकाला ती वेगळं काहीतरी करायला निघाली. ठणक्याला म्हणाली, पू झालाय का बघू. चमकीला, पायापर्यंत जाते का? म्हणजे शब्द ऐकताच तिचं निदानाचं डोकं चालू झालं. आणि हीच बाई इंग्रजीत सगळ्यांना पेन म्हणत होती!

इंग्रजी इथं गरीब नाही. ठणक्याला थ्रॉबिंग आहे, चमकेला शूटिंग, हात लावल्यावर दुखतं त्याला टेंडर, जळजळीला बर्निंग, चुरचुरीला स्टिंगिंग, पेटक्याला क्रॅम्प. मंद, रेंगाळणाऱ्या दुखण्याला 'एक' (ache). 'एक'ची गंमत अशी की तो ठरावीक अवयवांनाच चिकटतो: हेडेक, टूथेक, इअरेक, बॅकेक, स्टमकेक. पायाला तसा चिकटत नाही, तिथं 'पेन इन माय लेग' म्हणायचं. आणि 'माय लेग इज पेनिंग' हे आपल्या 'पाय दुखतोय'चं सावत्र भावंड, तिकडे ते 'माय लेग हर्ट्स' असतं.

मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातले रोनाल्ड मेलझॅक यांनी १९७५ मध्ये वेदना मोजण्यासाठी एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिच्यात दुखण्याची ७८ विशेषणं २० गटांत लावलेली आहेत, प्रत्येक गटात चढत्या तीव्रतेनं. पहिल्या गटात फ्लिकरिंगपासून सुरुवात होते, मधे पल्सिंग, थ्रॉबिंग येतात, आणि पाउंडिंगवर शेवट. जवळच्या अर्थाचे शब्द एकमेकांच्या जागी चालत असते तर ही प्रश्नावली उभीच राहिली नसती. आम्ही तिच्या धर्तीवर मराठी शब्दांची उतरंड लावली: हुळहुळ, ठसठस, ठणका. ठसठस आधी की ठणका आधी, यावर चांगला वाद झाला. तिचं म्हणणं, ठसठसीत माणूस झोपू शकतो, ठणक्यात नाही. ते मी मान्य केलं. मग त्या त्या पायरीला इंग्रजी शब्द बसवले. थ्रॉबिंग ती पुन्हा चुकली नाही, कारण त्या शब्दाबरोबर तिला आता एक न झोपलेला पेशंट दिसत होता.

वहीचं नवं रूप

तिनं नवी वही केली. एका पानावर एकच इंग्रजी शब्द. वर त्याची सोबत तीन-चार वाक्यांत, वॉर्डातल्याच. खाली मराठीत कोण, कुणाला, कशाला. जोडीचे शब्द शेजारी लिहायचे नाहीत. एक पक्का झाल्यावर, निदान आठवड्यानं, दुसरा. शब्दांची सोबत शोधायला मोफत इंग्रजी कॉर्पस, म्हणजे प्रत्यक्ष वापरातल्या भाषेचे मोठे साठे वापरले, अब्जाहून जास्त शब्दांचा अमेरिकन आणि १० कोटी शब्दांचा ब्रिटिश. शब्द टाकला की त्याच्या मागेपुढे काय काय येतं ते दिसतं. सुरुवातीला तिला तो पडदा बघूनच धसका बसला. फोनवर अक्षरं बारीक, शिवाय नाइट ड्यूटी. पंधरा-वीस ओळींपेक्षा जास्त बघायच्या नाहीत असं ठरवल्यावर जमलं.

बरोबरचं चिन्ह नव्या वहीत कुठंच नाही.

सप्टेंबरच्या शेवटी मी तिला तेच जुनं पत्र पुन्हा लिहायला दिलं, आधीचं न दाखवता. त्या जागी आता असं होतं: 'ऑन टू ईव्हनिंग्ज ही डिक्लाइन्ड हिज इन्सुलिन बिकॉज ही वॉज ईटिंग लिटल अँड फिअर्ड अ हायपो. प्लीज डिस्कस धिस विथ हिम.' नोंदींमधला 'फिअर्स' तिनं बदलला नव्हता. बदलायची गरज नाही हे तिचं तिनंच ठरवलं होतं.

नोव्हेंबरमध्ये तिनं परीक्षा दिली. लेखनात तिला बी मिळाला, म्हणजे लागतं त्याहून एक पायरी वर. संभाषणात थोडक्यात हुकलं, ते पुन्हा देणार आहे. तिथली अडचण शब्दांची नाही, बोलण्याच्या वेगाची आहे, आणि त्यावर आमचं काम चालू आहे.

परवा रात्री साडेदहाला तिचा व्हॉइस मेसेज आला. मागे मॉनिटरची टिकटिक ऐकू येत होती. "मॅडम, आज औषधांचा चार्ट लिहिताना आठवलं. डोस द्यायचा राहून गेला तर मिस्ड. डॉक्टरांनी बीपी कमी आहे म्हणून थांबवायला सांगितला तर विथहेल्ड. राहिलं आणि थांबवलं एकच नाही ना. मग ओमिटेड कुठल्या पानावर लिहू?" मी उत्तर दिलं, ओमिटेडला वेगळं पान कर. तो फक्त 'दिला गेला नाही' एवढंच सांगतो, का ते सांगत नाही. म्हणून त्याच्यापुढे कारण लिहायचंच.

तिचं उत्तर लगेच आलं: "म्हणजे नी पण नाही, ना पण नाही. उद्या विचारते, आता राउंड आहे."